नाकाबंदी तोडून पळणाऱ्या गाडीवर पोलीस गोळी झाडू शकतो का?

तासगाव तालुक्यातून फौजदारकीची तयारी करणाऱ्या एका मुलाने विचारले आहे: ‘वाळूचा डंपर तलाठ्याच्या, पोलिसाच्या अंगावर घातल्याच्या बातम्या आपल्याकडे सारख्या येतात. नाकाबंदी तोडून गाडी पळाली तरी पोलीस नुसते बघत राहतात. गोळी का झाडत नाहीत? निदान टायरवर तरी? आणि झाडली तर पोलीस अडकतो का?’ खाली जाता जाता एक उपप्रश्नही आहे, की रात्री नाकाबंदी दिसली तर साध्या माणसाने काय करावे.

मी सातारा आणि सांगली जिल्ह्यांत खात्यात नोकरी करून निवृत्त झालो, त्यातला मोठा काळ स्थानिक गुन्हे शाखेत. उत्तर लांबेल.

आधी टायरचे बोलू, कारण हा प्रश्न प्रत्येक कट्ट्यावर निघतो. रात्रीच्या वेळी हलत्या गाडीचा टायर म्हणजे मडगार्डखाली अर्धे लपलेले, फिरणारे, आणि क्षणात पुढे सरकलेले निशाण. सरावाच्या मैदानावर लक्ष्य जागेवर उभे असते आणि झाडणाऱ्याचे हातपायही ठिकाणावर असतात. रस्त्यावर यातले काहीच नसते. नेम चुकला की गोळी डांबरावर घासून उसळते, आणि पलीकडे तुमचाच जोडीदार टॉर्च घेऊन उभा असतो. बरे, लागलीच, तरी ट्यूबलेस टायरमधून हवा हळूहळू जाते. गाडी दोन-चार किलोमीटर आरामात काढते. डंपरला तर मागे जोडचाके, एक बसले तरी दुसरे ओढते. आणि पुढचा टायर खरेच एकदम बसला, तर गाडी एका बाजूला ओढ घेते. गळीत हंगामात कराड-विटा किंवा इस्लामपूर-ताकारी भागातल्या रस्त्याच्या त्या बाजूला काय असते ते तुम्हाला माहीत आहे: रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली, एखादी बैलगाडी, नाहीतर ऊसतोड टोळीच्या कोप्या. ज्याला धरायचे तो वाचेल आणि झोपलेले पोर जाईल.

मग चालकावर? इथे साधा हिशेब करून बघा. बाराशे किलोची गाडी ताशी ४० किलोमीटरने येत असेल तर तिच्यातली गतिज ऊर्जा ७४ हजार ज्यूलच्या घरात जाते. नऊ एमएम पिस्तुलाच्या गोळीची ऊर्जा पाचशे ज्यूलच्या आसपास. म्हणजे दीडशे पट फरक. गोळीने गाडी थांबत नाही, थांबला तर माणूस थांबतो. आणि चालक मेला किंवा बेशुद्ध पडला तर त्याचा पाय ॲक्सिलरेटरवरच राहू शकतो. मघाशी गाडीला निदान एक चालक होता, आता तोही नाही. शिवाय समोरची काच दोन थरांची, मध्ये पातळ पडदा असलेली असते. तिरक्या काचेवर बाहेरून आलेली गोळी वाकते, बहुधा खालच्या बाजूला. नेम छातीवर धरला म्हणून गोळी छातीतच जाते असे नाही, आणि शेजारच्या सीटवर कोण बसले आहे हे हेडलाइटच्या झोतात बाहेरून दिसतच नाही.

हे पुस्तकी नाही. लखनऊमध्ये २८-२९ सप्टेंबर २०१८ च्या रात्री एका शिपायाने एका मोबाइल कंपनीच्या अधिकाऱ्याच्या गाडीवर समोरून गोळी झाडली. गाडी अंगावर घालत होता, असे शिपायाचे म्हणणे होते. गोळी लागल्यावर गाडी तशीच पुढे गेली आणि खांबावर आदळली. फ्रान्समध्ये पॅरिसजवळच्या नांतेर गावात २७ जून २०२३ ला सतरा वर्षांच्या मुलावर पोलिसाने गाडीच्या बाजूला उभे राहून गोळी झाडली. ती गाडीही पुढे सुटून धडकली. तिथेही सुरुवातीला ‘गाडी अंगावर येत होती’ हेच सांगितले गेले, आणि मग रस्त्यावरच्या कोणीतरी काढलेला व्हिडिओ बाहेर आला. त्यानंतर देशभर जाळपोळ झाली. फ्रान्सने २०१७ मध्ये कायदा बदलून न थांबणाऱ्या गाडीवर गोळी झाडण्याची मुभा जरा सैल केली होती. २०२२ या एका वर्षात तिथे अशा प्रसंगांत १३ माणसे मेली. ‘कायद्यानेच परवानगी द्या म्हणजे भीती बसेल’ असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आता आपला कायदा. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिचे कलम ४३ म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४६. अटकेला कोणी जबरदस्तीने विरोध केला किंवा निसटायला लागला तर अटक करण्यासाठी आवश्यक ते सर्व उपाय करता येतात. पण पोटकलम ४ स्पष्ट आहे: ज्या माणसावर फाशी किंवा जन्मठेपेच्या शिक्षेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा जीव घेण्याचा हक्क या कलमाने मिळत नाही. वाळूचोरीला जन्मठेप नाही. कर्नाटकातून जत-मिरजेमार्गे येणाऱ्या गुटख्याला नाही, चोरीच्या बोलेरोला नाही, दारू पिऊन गाडी चालवण्याला तर नाहीच नाही. आणि जिथे जन्मठेपेचा आरोप आहे तिथेही हे पोटकलम ‘मारा’ असे म्हणत नाही. फक्त ही एक मनाई तिथे लागू होत नाही, एवढेच. उपाय आवश्यक होता का, हा प्रश्न तरीही उरतोच.

इथे ठाण्यातला एक लाडका युक्तिवाद सांगतो, कारण तो तुम्हाला पहिल्याच पोस्टिंगला ऐकायला मिळणार आहे. एखादा जुना हवालदार म्हणेल, “सायेब, अंगावर घातली म्हणजे ३०७ झालं. ३०७ला जन्मठेप हाय. मग घाला की गोळी!” जुने ३०७ म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेचे कलम १०९, खुनाचा प्रयत्न. त्यात इजा झाली असेल तर जन्मठेप होऊ शकते हे खरे. पण हा युक्तिवाद म्हणजे आपणच रस्त्याच्या मधोमध उभे राहायचे, गाडी थांबली नाही की आपणच ३०७ लावायचे आणि त्या ३०७ च्या जोरावर आपणच गोळी झाडायची. कोर्टात उलटतपासणी घेणारा वकील याचे काय करतो ते एकदा सांगली सेशन कोर्टात बसून बघा.

पोलिसाला गोळीचा खरा आधार अटकेच्या कलमात नाहीच. तो खासगी बचावाच्या हक्कात आहे, आणि तो हक्क तुम्हाला, मला, डंपरसमोर उभ्या असलेल्या तलाठ्याला सारखाच आहे. न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४. हल्ल्याने मृत्यू किंवा गंभीर दुखापत होईल अशी वाजवी भीती असेल तर कलम ३८ खाली समोरच्याचा जीव जाण्यापर्यंत हा हक्क जातो. कलम ३५ खाली दुसऱ्याच्या बचावासाठीही तो वापरता येतो. पण दोन कुंपणे आहेत. कलम ३७: बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही. कलम ४०: भीती सुरू झाली की हक्क सुरू, आणि भीती संपली की हक्कही संपला. गाडी तुमच्या शेजारून निघून गेली त्या क्षणी भीती संपली. त्यानंतर झाडलेली गोळी बचावाची राहत नाही. ती रागाची असते. अशा प्रसंगी माणसाने मिलिमीटर मोजून वागावे अशी अपेक्षा कोर्टेही ठेवत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण मागच्या काचेतले भोक कुठल्याच तराजूत बसत नाही.

भोकांवरून आठवले. गोळीबार झालेल्या गाडीचा पंचनामा तुम्ही पुढे कधीतरी कराल, तेव्हा जबाब वाचायच्या आधी गाडी बघा. दाराच्या पत्र्यावर एक भोक आणि आत सीटच्या पाठीवर दुसरे, या दोन्हींतून सरळ सळई घातली की ती बाहेर जिकडे बोट दाखवते तिकडे कुठेतरी झाडणारा उभा होता. पत्र्याचे भोक गोल आहे की लांबट, यावरून गोळी सरळ आली की तिरकी ते समजते. बाजूची काच पूर्ण चुरा होऊन पडते, तिच्यावर काही उरत नाही. समोरच्या काचेवर मात्र भोक आणि भेगांचे जाळे टिकते, आणि दोन भोके असतील तर दुसऱ्याच्या भेगा पहिल्याच्या भेगांपाशी येऊन थांबतात. आधी कुठली आली ते गाडीच सांगते. रस्त्यावर पुंगळ्या कुठे पडल्या त्याचे अंतर मोजा. घासत गेलेल्या टायरचे काळे पट्टे कुठून वळतात ते बघा, म्हणजे चालक माणसावर घालत होता की माणूस चुकवत होता ते दिसेल. एवढे सगळे फॉरेन्सिकला गेले की ‘गाडी थेट अंगावर आली’ या वाक्याला फारसे वजन उरत नाही, ते खरे असेल तर गोष्ट वेगळी.

दिल्लीच्या कॅनॉट प्लेसचे प्रकरण प्रत्येक पोलिसाला पाठ पाहिजे. ३१ मार्च १९९७, बाराखंबा रोड. एका गुंडाच्या मागावर असलेल्या क्राइम ब्रँचच्या पथकाने निळ्या मारुती एस्टीमला घेरून गोळ्या झाडल्या. आत होते व्यापारी. दोघे जागीच गेले, तिसरा जखमी झाला. गाडीतून आधी गोळी आली, हा पथकाचा दावा टिकला नाही. एका सहायक पोलीस आयुक्तासह दहा जणांना २००७ मध्ये जन्मठेप झाली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्यातले बहुतेक साहेबांच्या हुकमावर गेलेले होते. हुकूम होता म्हणून कोणी सुटला नाही.

(बदलापूर प्रकरणाशी याची गल्लत करू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये गोळी लागून मेलेला तो आरोपी पोलिसांच्याच गाडीत होता. त्याचे प्रश्न निराळे आहेत.)

आता मला जे खरे सांगायचे आहे ते. गोळी झाडायची की नाही हे पिस्तूल काढल्यावर ठरत नाही. तुम्ही उभे कुठे राहिलात, तिथे ते आधीच ठरून गेलेले असते. ताशी ४० ने येणारी गाडी सेकंदाला ११ मीटर कापते. वीस-बावीस मीटरवर ती थांबणार नाही असे लक्षात आले, तर तुमच्याकडे दोन सेकंद आहेत. होल्स्टरचे बटण, पिस्तूल बाहेर, कॉक, नेम. दोन सेकंदांत हे बसवणारे फार थोडे. बाजूला उडी मारायला एक सेकंद पुरतो, पण बाजूला जागा असेल तर! एका बाजूला जीप, दुसऱ्या बाजूला ओढ्याचा कठडा आणि मध्ये तुम्ही, अशी नाकाबंदी लावली असेल तर तुम्ही स्वतःलाच कोंडून घेतले आहे.

आपल्याकडची नेहमीची नाकाबंदी डोळ्यासमोर आणा. रात्रीचा दीड. बॅरिकेड एकाच्या बाजूला एक, सरळ रेषेत. पुढे अंधारात खाकीतला शिपाई, हातात टॉर्च, तोही समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत मारलेला. येणाऱ्या चालकाला आधीच पलीकडच्या ट्रकच्या अप्परचा झोत. त्याला शिपाई दिसतो तेव्हा गाडी जवळ आलेली असते. आता तो न थांबण्याची कारणे किती असतात बघा: लायसन्स नाही, विमा संपलाय, दोन पेग झालेत, घरी न सांगता गाडी काढलीय, किंवा हे पोलीस आहेत यावर विश्वासच नाही. सराईत गुन्हेगार या यादीत फार खाली येतो. या सगळ्यांची गाडी मात्र एकसारखीच ‘अंगावर’ येते.

म्हणून बॅरिकेड नागमोडी लावायचे, म्हणजे गाडीला आपोआप पहिल्या-दुसऱ्या गियरवर यावे लागते. लांबून लुकलुकणारा दिवा आणि रिफ्लेक्टरची जॅकेट. हात दाखवणाऱ्याने रस्त्याच्या कडेला, मागे पळायला जागा ठेवून उभे राहायचे. जीपच्या इंजिनाच्या आडोशाला राहिले तर उत्तम, कारण दाराचा पत्रा काही अडवत नाही. शस्त्रवाला पुढे, त्याच बाजूला. दोघे समोरासमोर दोन्ही कडांना उभे असतील तर दोघांच्याही गोळ्यांच्या रेषेत दोघेही असतात. आणि जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरला ‘आडवा लाव रे’ असे सांगून रस्ता बंद करायचा नाही. हे सर्रास चालते. तो ड्रायव्हर पाचशे-सहाशे रुपयांच्या रोजावर आलेला माणूस आहे, त्याच्या जिवाची ढाल करण्याचा अधिकार कोणी दिला?

सगळ्यात वाईट खोड म्हणजे चालू गाडीच्या खिडकीत हात घालून किल्ली काढायची. हात आत, चालक घाबरून क्लच सोडतो, आणि पोलीस फरफटत जातो. तसेच बॉनेटवर झेपावणे. लोक व्हिडिओ काढतात, चालकावर ३०७ लागते, पण ही वेळ आली कशी हे कोणी विचारत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर मे २०२५ मध्ये नेमके असेच प्रकरण निकाली निघाले. टेक्सासमध्ये टोल थकलेली भाड्याची गाडी थांबवली, गाडी सुटताच पोलिसाने दाराच्या पायरीवर उडी मारली आणि तिथून आत गोळ्या झाडल्या. खालच्या कोर्टांनी फक्त गोळीच्या आधीचे दोन-तीन सेकंद बघितले होते. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले, एवढेच बघून चालणार नाही, आधीचे सगळे बघा. तो निकाल आपल्याला बांधील नाही, पण आपल्याकडचा चांगला सेशन जजही हाच प्रश्न विचारतो: तुम्ही तिथे का उभा होता?

बाकी तिकडच्या नियमांचा एक भाग उचलण्यासारखा आहे. न्यूयॉर्क पोलिसांनी १९७२ मध्येच ठरवले, की गाडी सोडून दुसरे शस्त्र वापरले जात नसेल तर हलत्या गाडीवर गोळी नाही. पोलीस मोठ्या संख्येने चिरडले जातील ही भीती खरी ठरली नाही, आणि गोळीबार कमी झाले. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या २०२२ च्या धोरणात तर सरळ लिहिले आहे, की केवळ गाडी निकामी करण्यासाठी गोळी झाडायची नाही, आणि दुसरा उपाय नव्हता असे म्हणताना ‘गाडीच्या वाटेतून बाजूला होणे’ हाही उपाय धरायचा. अपवादही समजून घ्या. नीस शहरात १४ जुलै २०१६ ला एकाने १९ टनी ट्रक गर्दीत घुसवून ८६ माणसे मारली. पोलिसांच्या गोळ्यांनी चालक मेला तेव्हाच ते थांबले. मांढरदेवच्या यात्रेत कोणी मुद्दाम डंपर घुसवला, तर बाजूला होऊन नंबर टिपत बसा असे मी म्हणणार नाही.

पण वाळूवाला म्हणजे नीसचा ट्रकवाला नव्हे. त्याला पळायचे असते. येरळाकाठचा किंवा माणगंगेकाठचा डंपर पळाला तरी जाणार कुठे? नंबर, मालक, वजनकाटा, ज्याच्या बांधकामावर वाळू उतरते ती जागा, सगळे दोन दिवसांत निघते. हायवेला लागला तर आनेवाडी, तासवडे, किणी हे टोलनाके आहेत. कंट्रोलला वायरलेस दिला की पुढचे ठाणे निवांत, उजेडात, खिळ्यांची पट्टी टाकून उभे राहू शकते. खंबाटकी घाटात मागे लागून काय मिळणार? गाडी जप्त करा, महसूलचा दंड लागू द्या, सराईत असेल तर एमपीडीएचा, म्हणजे स्थानबद्धतेच्या कायद्याखालचा, प्रस्ताव पाठवा. २०१५ पासून वाळूतस्कर त्या कायद्यात येतो. आणि अंगावर घातली असेल तर १०९ आणि १३२ (सरकारी नोकरावर हल्ला) लावाच, दुसऱ्या दिवशी, घरातून उचलून. लोकांना हे मिळमिळीत वाटते. वाटू दे.

गोळी झाडलीच आणि कोणी मेला किंवा गंभीर जखमी झाला, तर पुढे काय होते? मुंबईतल्या १९९५ ते १९९७ च्या चकमकींवरून चाललेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ ला सोळा सूचना दिल्या. गुन्हा नोंदवायचा. तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने वरिष्ठाच्या देखरेखीखाली करायचा. दंडाधिकाऱ्याची चौकशी. शस्त्र जमा करून बॅलिस्टिक तपासणीला द्यायचे. नातेवाइकांना लगेच कळवायचे. मानवी हक्क आयोगाला माहिती. आणि शौर्य निःसंशय सिद्ध होईपर्यंत बढती-पदक नाही. शेवटची सूचना खात्यात सगळ्यात नावडती, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची. तेव्हा ‘अडकतो का’ याचे उत्तर: तपास होणारच, तो अडकणे नव्हे. अडकतो तो स्टेशन डायरीत एक आणि गाडीच्या पत्र्यावर दुसरे लिहिलेले असते तेव्हा. एक गोळी झाडली तर एकच लिहा, राऊंडचा हिशेब जुळवत बसू नका.

हवेत गोळी झाडून थांबवता येईल का, असेही काही जण विचारतात. काचा लावून गाणी वाजवत येणाऱ्याला ती ऐकूच जात नाही, आणि वर गेलेली गोळी कोणाच्या तरी पत्र्यावर खाली येते.

राहिला उपप्रश्न. रात्री नाकाबंदी दिसली की डिपर द्या, वेग कमी करा, आतला दिवा लावा, काच खाली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर. कागद काढायला डॅशबोर्डकडे एकदम वाकू नका, आधी सांगा आणि मग काढा. मागे वळून पळू नका. दारू प्यायलात म्हणून वळलात, तरी उभ्या असलेल्या पोलिसाला ते खून करून पळणाऱ्यासारखेच दिसते. घाटात गणवेश नसलेली चार माणसे हात दाखवत असतील आणि शंका आली, तर पार्किंगचे चारही दिवे लावून हळू चालत राहा, ११२ ला फोन लावून ठिकाण सांगा आणि पुढच्या धाब्यावर किंवा पेट्रोल पंपावर उजेडात थांबा. फोन लागलेला असू द्या. तुम्ही का थांबला नाहीत याची नोंद कंट्रोलकडे राहते.